देवगडच्या जरा डावीकडे न्यूयॉर्क : एका फळ्याच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

आजपासून लिहून ठेवतोय. दुकानात तिकिटं काढायला येणारा प्रत्येक जण तिकिटाच्या आधी विचारतो तो प्रश्न एकच : "किती वेळ लागता?" मालवण तालुक्यातलं आमचं गाव. निम्म्या घरांतला कोणीतरी मस्कत, कुवेत नाहीतर दुबईला, आणि हल्ली दोन-चार घरं पार अमेरिकेपर्यंत पोचलेली. दर वेळी वेबसाइट उघडून सांगण्यापेक्षा भिंतीवर एक फळाच लावावा : मुंबईहून कुठं, किती किलोमीटर, जाताना किती तास, येताना किती, घड्याळात फरक किती. रेल्वे स्टेशनवर असतो तसा, पिवळ्यावर काळी अक्षरं.

निमित्त शेजारच्या काकींचं. मुलगी न्यू जर्सीत, बाळंतपणाला जायचंय. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान, १५ नोव्हेंबर, रात्री दीडला सुटतं, त्याच तारखेला सकाळी सातला उतरतं. तिकिटावर प्रवासाचा वेळ १६ तास. मी कागदावर वजाबाकी केली. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. दीड ते सात साडेपाच तास, अधिक साडेनऊ, म्हणजे १५. एक तास कुठं गेला? छापणाऱ्याची चूक असणार म्हणून सोडून दिलं.

तिकिटावर लाल पेनानं मोठ्या अक्षरांत लिहिलं : शुक्रवारी १४ तारखेला रात्री विमानतळावर पोचायचं. "१५ तारीख, रात्री १:३०" हे वाचून लोक १५ च्या रात्री जातात. गेल्या वर्षी एक कुटुंब माझ्याच दुकानातून तिकीट काढून असं चोवीस तास उशिरा पोचलं होतं. तेव्हापासून लाल पेन काउंटरवरच असतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अंतर स्वतः काढायचं ठरवलं. आयतं मिळतं हे माहीत आहे, पण आयत्या आकड्याचं कारण कोणी विचारलं तर गप्प बसावं लागतं. पृथ्वी गोल धरायची, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर देणारं हॅवरसाइनचं सूत्र लावायचं. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम.

पहिलं उत्तर आलं २,४०० किलोमीटरच्या आसपास. इतक्यात तर विमान धड कुवेतलाही पोचत नाही. नकाशात तो बिंदू टाकून बघितला तर किर्गिझस्तानातल्या डोंगरात. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहिलं होतं. मुंबई ७२.८७ पूर्व आणि न्यूयॉर्क ७३.७८ पश्चिम, आकडे जवळपास तेच, म्हणून चिन्ह विसरलं की न्यूयॉर्क सरळ मुंबईच्या डोक्यावर येऊन बसतं.

चिन्ह दिलं. आता सव्वासहा हजार. हे उत्तर जास्त फसवं, कारण ते वेडंवाकडं दिसत नाही. पण ताशी ९०० किलोमीटरनं भागलं तर सात तास, आणि सात तासांत लंडनलाही कोणी पोचवत नाही. भाच्याने बघितलं (नववीत आहे, गणितात माझ्यापेक्षा बरा) आणि म्हणाला, "मामा, एक्सेलला अंश समजत नाहीत, रेडियन लागतात, कोनाचं दुसरं माप." खरंच. संगणकाच्या बापाला ९० म्हणजे काटकोन हे माहीत नाही.

अंशांचे रेडियन केल्यावर : १२,५३२ किलोमीटर.

पृथ्वी विषुववृत्तापाशी जरा फुगलेली आणि ध्रुवांकडे दबलेली आहे, म्हणून शुद्ध गोलावरच्या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. इथं ती फार तर साठेक किलोमीटर, म्हणजे विमानाची चार मिनिटं. फळ्याला चालेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी बंदरावर गेलो होतो. ओळखीच्या तांडेलांच्या (मासेमारीची बोट चालवतात ते) बोटीवर जीपीएस आहे. त्यांना म्हटलं, यात न्यूयॉर्क घालून बघूया. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चष्मा लावला. यंत्राला काय, सुरमईचा खडक असो नाहीतर न्यूयॉर्क, आकडे दिले की झालं. दोन मिनिटांनी पडद्यावर आलं : अंतर सहा हजार नऊशेहून जास्त सागरी मैल, दिशा ३३३ अंश.

तांडेलांनी होकायंत्र बघितलं, हात लांब केला आणि तसाच धरून ठेवला. हात उत्तरेला देवगडच्या दिशेला, त्याच्या जरा डावीकडे, समुद्राच्या अंगाला.

"ह्यां बिघाडलां काय? अमेरिका देवगडाक कशी असात?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. इथं जन्मलेल्या कोणालाही विचारा, अमेरिका कुठं? तो सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे, सूर्य बुडतो तिकडे बोट दाखवील. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात ती तिकडेच आहे. यंत्राचं म्हणणं, पश्चिमेला नाही, उत्तरेला तोंड करा आणि सत्तावीस अंश डावीकडे वळा. मुंबईहून माझ्या शीटमध्ये दिशा काढली, तीही ३३३.

तांडेलांकडून एक गोष्ट फुकटात शिकलो. सागरी मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग), १,८५२ मीटर. त्यामुळे कोनातून अंतर काढायला त्यांना किलोमीटरच्या भानगडीत पडावंच लागत नाही. पृथ्वीच्या मध्यापासून मुंबई–न्यूयॉर्क कोन ११२.७ अंश, गुणिले साठ, ६,७६२ सागरी मैल. झालं. मग त्यांनी आपल्या बोटीचा हिशेब केला. ताशी आठ मैल, म्हणजे पस्तीस दिवस. "बर्फ खय भरूचो ता सांग." मासे वाटेत खराब होतील ही त्यांची मुख्य अडचण.

१२ ऑक्टोबर, रविवार

देवगडचा उलगडा. शाळेतून पृथ्वीगोल उसना आणला, ३० सेंटीमीटर व्यासाचा. धागा कापसाचा घेतला तर ताणला जातो, म्हणून तंगूस आणला, गळाला लावतात तो पातळ. एक टोक मुंबईवर भाच्याच्या अंगठ्याखाली, दुसरं न्यूयॉर्कवर माझ्या. आता ओढायचा.

तंगूस आधी आपण ठेवला तिथं, अरबस्तानावर होता. जसा ताणला तसा तो आपणहून वर सरकायला लागला. इराणवरून, कॅस्पियनवरून घसरत गेला आणि टणक झाला तेव्हा थांबला. गुळगुळीत गोळ्यावर ओढलेला दोरा सगळ्यात जवळची वाट आपणच शोधतो. ती वाट पेनाने लिहून घेतली : पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या अगदी शेजारून, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग कॅनडातून खाली न्यूयॉर्क. सर्वांत वरचा बिंदू शीटनुसार ६४.७ उत्तर, आर्क्टिक वृत्ताच्या दोनच अंश खाली. काकींना शाल जास्तीची घ्यायला सांगू का, असं भाचा विचारत होता.

पट्टीवर धागा एकोणतीस आणि साडेएकोणतीसच्या मध्ये. या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर. साडेबारा हजारांच्या आत-बाहेर. सूत्र आणि तंगूस जुळले. खरं सांगायचं तर मला सूत्रापेक्षा तंगूसवर जास्त विश्वास बसला.

मग भिंतीवरच्या सपाट नकाशातली सरळ रेषाही मोजली, होकायंत्राची दिशा न बदलता जावं तशी. ती सौदी अरेबिया, इजिप्त, सहारा करत मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये उतरते. १४,२०५ किलोमीटर. सरळ दिसणारी वाट १,६७३ किलोमीटरनं लांब.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची गर्दी. मुंबईकर चाकरमानी येतायत, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, सगळे माझ्यावर रागावतायत. फळ्याचं काम शून्य. आखाताच्या ओळी तेवढ्या भरल्या : मस्कत १,५९०, दुबई १,९३०, कुवेत २,७६०. लंडन ७,२१०. यात काही गंमत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाऊस जायचं नाव घेत नाही, भात आडवं झालंय. दुकानात कोणी फिरकलं नाही म्हणून वेळ काढता आला.

१२,५३२ भागिले ९०० म्हणजे १३ तास ५५ मिनिटं. धावपट्टीपर्यंत रांगणं आणि चढ-उताराला अर्धा तास धरला तरी साडेचौदाच्या आत. तिकिटावर सोळा, येतानाच्या विमानाला चौदाच्या आसपास. अंतर तेच, मग जाता-येता दोन तासांचा फरक कसा?

एक कारण परवानगीचं. तंगूस गेला ती वाट पाकिस्तानवरून जाते, आणि एप्रिल २०२५ पासून तिथलं आकाश भारतीय विमानांना बंद आहे. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेर ते जुलै असंच होतं. मग शीटमध्ये वाटेत दोन खिळे मारले, मस्कत आणि इस्तंबूल. प्रत्यक्ष विमान नेमकं यांवरूनच जातं असं नाही, नुसता अंदाज घ्यायचा होता. तीन तुकड्यांची बेरीज १२,९८८. म्हणजे ४५६ किलोमीटरचा वळसा, अर्धा तास.

दुसरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला झोताचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो जास्त जोरात. अमेरिकेला जाताना तो नाकावर, येताना पाठीवर. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज बघून विमानांचे मार्ग रोज नव्याने आखतात, म्हणजे "मुंबई–न्यूयॉर्कचा रस्ता" अशी पक्की चीज अस्तित्वातच नाही. काल गेलं तिथून आज जाईलच असं नाही.

सरासरी ७० किलोमीटरचा वारा धरला. जाताना ८३० च्या वेगानं १५ तास ३९ मिनिटं, येताना ९७० च्या वेगानं १३ तास २३. दोन्हीकडे अर्धा तास मिळवा : सोळा तास नऊ मिनिटं आणि तेरा तास त्रेपन्न. तिकिटाशी जुळलं. मात्र ७० हा आकडा मी कुठून आणला? जुळेल असा आणला. हे इथं लिहून ठेवतो, फळ्यावर लिहिणार नाही.

भाच्याचा मुद्दा : जाताना जितका वारा नडला तितकाच येताना मिळाला, तर बेरीज बिनवाऱ्याइतकीच यायला हवी. करून बघितलं. बिनवाऱ्याची ये-जा २८ तास ५२ मिनिटं, वाऱ्यासकट २९ तास २ मिनिटं. दहा मिनिटं वारा खातोच, कारण विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. तांडेलांना सांगितलं तर म्हणाले, यात नवीन काय, खाडीत वल्हवणाऱ्या पोराला विचार.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न. संध्याकाळी अंगणात काकींच्या तुळशीपुढे ऊस, चिंचा, आवळे, सगळी तयारी. मंगलाष्टकं त्यांच्या मुलीला व्हिडिओवर दाखवायची होती, वेळ कालच ठरली होती : आपले सात, तिचे सकाळचे साडेनऊ. लग्न लागलं, अक्षता पडल्या, फोन लागला तर ती अजून केस पुसतेय. "अगं आई, आत्ता साडेआठच झालेत. आज आमचं घड्याळ तासभर मागे गेलं ना!"

अक्षता हातात, मी तसाच उभा. गेला महिनाभर हरवलेला तास तुळशीपाशी सापडला. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनचा एक करतात. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते, मी चुना-गेरू कालवत होतो. आजपासून फरक साडेनऊ नाही, साडेदहा. काकींचं विमान १५ तारखेचं, म्हणून तिकिटावरचे सात हे नव्या घड्याळाचे सात. साडेपाच अधिक साडेदहा, सोळा. छापणारा बरोबर होता.

फळ्यावर न्यूयॉर्कपुढे आता घड्याळाचे दोन आकडे लागणार. लंडनलाही तेच, फक्त त्यांचं घड्याळ आठवडाभर आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदललंय. मस्कत, दुबई, कुवेतचे लोक शहाणे, घड्याळाला हात लावत नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

फळा रंगून आला. अक्षर सुरेख, पिवळा रंग मागितला तसाच. न्यूयॉर्कपुढे १२,३५२. पाच आणि तीन यांची अदलाबदल. रंगाऱ्याचं म्हणणं, एवढ्या लांबच्या गावाला दोनशे किलोमीटरनं काय होतं? मी म्हटलं, कुडाळहून निघालेल्या माणसाला दोनशे किलोमीटर आधी उतरवला तर काय होतं? पुसून देतो म्हणाला, सोमवारी. कुठला सोमवार ते बोलला नाही.

काकी फळा बघून गेल्या. "रे, माका ते मैल नको. एकादशी कशी करू ता सांग."

कालनिर्णय उघडलं. १५ नोव्हेंबरला खरंच एकादशी. आता हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. काकी तारीख पंधराच्या सुरुवातीला मुंबईत विमानात बसणार आणि उतरतील तेव्हाही पंधराच असणार. त्यांच्यापुरती ती तारीख २४ नाही, साडेचौतीस तासांची. साखरेच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून या म्हटलं. डॉक्टरांनी निर्जळी वगैरे काही नाही, वेळेवर खायचं असं बजावून पाठवलं आणि गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या, मुंबईच्या घड्याळाने. शिंगाडे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर बांधून झालेत.

मग बसल्या बसल्या सूर्य काढला. शुक्रवारी इथं सूर्य सहाच्या सुमाराला बुडेल. विमान रात्री दीडला पश्चिमेकडे पळत सुटणार, म्हणजे सकाळच्या पुढे पुढे. युरोपवर असतील तेव्हा तिथं रात्र, अटलांटिकवर असतील तेव्हा तिथंही उजाडायचंय. न्यूयॉर्कचा सूर्योदय त्या दिवशी पावणेसातच्या आसपास, आपले सव्वापाच. उंचावरून जरा आधी दिसेल. तरी जवळपास तेवीस तासांची एक रात्र. हे दोनदा तपासलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काकींना कुडाळला कोकणकन्येत बसवून आलो. मुंबईपर्यंत नऊ-दहा तास. तेवढ्या वेळात विमान अटलांटिकच्या काठाशी पोचलेलं असतं. चिपीचा विमानतळ घरापासून हाकेवर आहे, पण धावपट्टी अडीच हजार मीटरची आणि तिथं येतात ती पंख्याची छोटी विमानं. फळ्याचं पहिलं गाव मुंबईच राहणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रात्री दीडला जागा होतो. विमान दीडला नाही, एक चाळीसला सुटलं, म्हणजे वेळेच्या दहा मिनिटं उशिरा, आणि आकाशात चढेपर्यंत दोन वाजले. फोनवर विमानाचं पिवळं चिन्ह अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघालं. देवगडकडे नाही. तांडेल हे बघायला हवे होते, दिलखुलास हसले असते.

झोपलो. सकाळी उठून चहा झाला, दुकान उघडलं, दोन सातबारे काढून दिले, जेवण झालं, वामकुक्षी झाली. चिन्ह अजून पाण्यावरच. काकींच्या खिडकीत अंधार असणार आणि इथं माझ्या पत्र्यावर चार वाजताचं ऊन.

पाच बावीसला टेकलं. चाकं उचलल्यापासून १५ तास २२ मिनिटं. शीटमध्ये हवेतले १५ तास ३९ होते. सतरा मिनिटं लवकर, म्हणजे माझा ७० चा वारा आज तरी जरा जास्तच होता. फळ्यावर "साधारण १६ तास" लिहिलंय ते तसंच ठेवतो.

साडेसहाला, इथं दिवा लावायच्या वेळी, व्हॉइस मेसेज आला. मागे इंग्रजीत घोषणा, ट्रॉलीची खडखड, आणि काकी ओरडून बोलतायत, अंतर लांब म्हणून आवाज मोठा :

"पोचलंय रे! रात काय सरता सरेना. सूर्य आत्ता दिसलो, उतरताना. बरां, ह्यां सांग, हय आता सकाळ झाली, मगे माझो उपास अर्धो झालो काय परत पयल्यापासून?"

भटजींना विचारून सांगतो असं कळवलंय.